परतीचा पिवळा

आमच्या गावात पिवळे काका म्हटलं की कुणीही घर दाखवेल. खरं नाव विचारलंत तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. राष्ट्रीय उद्यानाच्या मागच्या फाटकातून कड्यापर्यंत जी लांब वाट जाते, तिच्यावरच्या झाडांना पिवळ्या खुणा करणं हे त्यांचं काम. नोकरीला लागले तेव्हापासून हेच. तो रंग त्यांच्या नखांच्या कडेला असतो, घड्याळाच्या पट्ट्यावर असतो, बुटाच्या टोकावर असतो, आणि एकदा मी तो त्यांच्या भुवईतही पाहिला आहे.

उद्यान अफाट आहे. पुढच्या फाटकाशी बसगाड्या, आइस्क्रीम, मुलांसाठी लाकडी पूल, हरणांच्या पाट्यांपुढे उभं राहून फोटो काढणारी कुटुंबं. मागचं फाटक आमच्या गावाकडे. तिथून एवढी एकच वाट निघते आणि तिच्यावर जाणारी माणसं थोडी, बहुतेक एकेकटी. झाडी इतकी दाट की भर दुपारी आत संध्याकाळचा उजेड असतो. पानं गळली की वाट आणि वाट नसलेली जमीन एकसारखी दिसते. मग माणूस चालतो तो फक्त खुणांच्या भरवशावर. हाताच्या पंजाएवढी उभी पिवळी पट्टी. एका पट्टीपाशी पोचलात की तिथून पुढची दिसली पाहिजे. काम म्हटलं तर एवढंच.

आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. उद्यानाला लागणारा रंग आमच्याकडून जातो, म्हणून काकांचं येणं-जाणं. पूर्वी दोघं यायची. काकू म्हणजे काकांच्या खांद्यालाही न लागणारी, ठुसकी, बोलायला फटकळ बाई. गल्ल्यापाशी हात पुढे करून मला म्हणाली होती, "माझ्या बापाने माझे हात एकदाच पिवळे केले. हे मेले रोज करतात."

काका म्हणाले, "मग धुवायचे."

"धुते की. तुमच्या बनियनला पुसते."

तीही उद्यानाच्याच नोकरीत होती, काकांची मदतनीस म्हणून. पण मदतनीस हे आपलं कागदावर. प्रत्यक्षात वाट दोघांनी वाटून घेतली होती. झाडाची एक बाजू जाणाऱ्याला दिसते, येणाऱ्याला दुसरी. शिवाय जाताना जे झाड डोळ्यांत भरतं, ते येताना खूपदा दुसऱ्या झाडाच्या आड जातं. त्यामुळे परतीच्या खुणांसाठी झाडं वेगळी निवडावी लागतात, आणि ती निवडायची तर थोडं पुढे जाऊन मागे वळून बघावं लागतं. काका पुढे चालायचे, समोर दिसेल त्या झाडावर जाणाऱ्यासाठी खूण करायचे. काकू मागून यायची, थांबायची, वळायची, परतीचं झाड हेरायची. "ह्यांना नुसतं जायचं कळतं," ती दुकानात सगळ्यांदेखत सांगायची, "माणसं घरी आणायचं खातं माझ्याकडे आहे."

काका पुढून ओरडून विचारायचे, "खरवडलंस का?"

ती मागून ओरडायची, "हो."

हा खरवडण्याचा नियम होता. जुन्या खुणेवर तसाच नवा रंग मारायचा नाही. आधी लोखंडी पट्टीने जुना रंग, त्यावरचं शेवाळ, सुटलेली साल खरवडून काढायची, मग ब्रश. तसं केलं नाही तर थरावर थर चढतात आणि एखाद्या वर्षी सगळा पोपडा एकदम गळून पडतो. काका नियमाचे पक्के. नवी पट्टी घ्यायला आले की तिची धार अंगठ्याने इतका वेळ तपासायचे की मागचं गिऱ्हाईक घसा खाकरायचं.

काकू गेली त्याला आता तिसरं वर्ष. साधा ताप म्हणून दवाखान्यात ठेवली, ती तिथूनच गेली. काका थोड्याच दिवसांत कामावर हजर झाले. लोकांना ते बरं वाटलं, मलाही वाटलं. मूलबाळ नाही, घरात बसून तरी काय करणार. ते पहिल्यासारखेच दुकानात यायचे. एक डबा रंग घ्यायचे आणि मग निघता निघता उगाच उभे राहायचे. ह्या खिळ्यांची पाकिटं कशी दिली, हा बिजागरीचा नवा प्रकार का, असं काहीबाही विचारायचे. घ्यायचं काही नसायचं. मी हातातलं काम करत उत्तरं द्यायचे. ते ऐकायचे, मान हलवायचे, आणि बाहेर पायरीवर थोडा वेळ थांबून, उजवीकडे जावं की डावीकडे असा विचार करावा तसे बघत, उजवीकडे जायचे. त्यांचं घर उजवीकडेच आहे.

आमची लेक सुट्टीत घरी आली आणि एके दिवशी म्हणाली, कड्यावर जाऊन येते. एकटी.

मी म्हटलं, "मैत्रिणीला घेऊन जा."

"तिला चालायचा कंटाळा आहे."

"परत कधी येशील?"

"आई, कडा म्हणजे काही आपलं दुकान नाही बंद व्हायला."

"ते लाल जॅकेट घाल. लांबून दिसतं."

"लांबून कुणाला दिसायचंय?"

"मला."

"तू तर घरी असणार." मग माझ्याकडे बघून तिने जॅकेट घातलं. मुलं मोठी झाली की आपली अशी समजूत घालायला लागतात.

दुपारी तिचा कड्यावरून फोटो आला. फोनला तिथे तेवढी रेंज मिळते, वाटेत कुठेच नाही. तिच्या मागे निळ्या डोंगरांच्या ओळी आणि वाऱ्याने तोंडावर आलेले केस. मी तो मोठा करून, बूट नीट बांधलेत का ते पाहिलं. उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. त्यानंतर आणखी वेळ गेला. आमचे हे मालाच्या खरेदीला बाहेरगावी होते. मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि फाटकावर जाऊन उभी राहिले.

फाटकावरचा चौकीदार भला माणूस. "येतील ताई. पोरं रेंगाळतात," असं तो म्हणत राहिला, पण मधूनमधून वाटेच्या तोंडाशी जाऊन कानोसाही घेत होता. उन्हाचा रंग बदलला तसा त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. उद्यानाची माणसं जमली. कुणी किती वाजता निघाली विचारत होतं, कुणी कपडे कुठले विचारत होतं. वरून खाली किती जणांनी यायचं, खालून वर किती जणांनी जायचं, ह्याची चर्चा चालली होती. तेवढ्यात काका आले. शर्टाचं वरचं बटण लावत, हातात टॉर्च.

त्यांनी मला एकच विचारलं. "वर पोचली होती का?"

"हो. फोटो आला होता."

"मग ओढ्याच्या वळणावर असेल," ते म्हणाले आणि चालू लागले. बाकीच्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

त्यांनी तिला पुरता अंधार पडायच्या आत आणली. गुडघा खरचटलेला, जॅकेट चिखलाने माखलेलं, पण स्वतःच्या पायांनी चालत. मी तिला धरलं तेव्हा आधी ती रडली आणि मग मी. काकांचे आभार मानायला वळले तर ते रस्त्याला लागलेही होते.

घरी गरम पाण्यात पाय बुडवून बसल्यावर ती बोलली. "जाताना एकदाही थांबावं लागलं नाही गं. एक खूण संपायच्या आत दुसरी. येताना मात्र काही धड दिसेचना. म्हणजे आहेत, पण पुसट, कुठे अर्धी पट्टी, कुठे नुसता डाग. ओढ्यापाशी तर काहीच नाही. मला वाटलं पात्रातूनच वाट असेल, म्हणून उतरले. मग वर चढताच येईना." मग पाण्यात पाय हलवत म्हणाली, "काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसतं म्हणाले, चूक तुझी नाही. आई, असं कोण म्हणतं?"

दुसऱ्या दिवशी रेंजरबाई दुकानात आल्या. वयाने लहान, नव्यानेच बदलून आलेल्या, बोलण्यात सरळ. त्यांना जाड साखळी हवी होती आणि उघड्यावर गंजणार नाही असं कुलूप.

"कशाला?" मी विचारलं.

"कड्याची वाट बंद करतेय. तुमच्या मुलीवर बेतलं होतं, आता आणखी कुणाची वाट बघायची." त्या साखळी हाताने तोलत होत्या. "मी काकांना दोनदा सांगितलं, परतीच्या खुणा गेल्यात. करतो म्हणतात. करत नाहीत. जायच्या बघा, कशा झळकतात. दुसरा माणूस लावते म्हटलं तर म्हणाले, दुसरा नको."

"मग आता?"

"हंगाम सुरू व्हायला थोडे दिवस आहेत. तोवर झालं तर साखळी काढीन. नाही झालं तर वाट कायमची बंद. एकदा पाय पडायचे थांबले की ही झाडी वर्षभरात वाट गिळून टाकते. काकांना तिकिटाच्या खिडकीवर बसवू. सावली आहे, पंखा आहे, खुर्ची आहे. ह्या वयात आणखी काय हवं?"

मी कुलूप दिलं. त्यांनी ते दोनदा लावून उघडून पाहिलं. त्या गेल्यावर मी दुकानातल्या पोऱ्याला गल्ल्यावर बसवून तडक काकांच्या घरी गेले. मला राग आला होता, आणि तो थंड व्हायच्या आत पोचायचं होतं.

दोन खोल्यांचं घर. मोरीच्या कट्ट्यावर बाटलीत ब्रश भिजत घातलेले. खिडकीत दाढीचं सामान. दुसऱ्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या होत्या. त्या कुठे ठेवाव्या ते काकांना सुचेना, हातात घेऊन ते खोलीत इकडून तिकडे फिरले आणि शेवटी पलंगावर ठेवल्या. त्या खुर्चीवर बऱ्याच दिवसांत कुणी बसलं नसावं.

मी बसले नाही. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. ती कुठे सापडेल ते सुद्धा."

"हो."

"परतीच्या खुणा तुम्ही केल्याच नाहीत. तीन वर्षं."

"नाही केल्या."

मला वाटलं होतं ते कारणं देतील. प्रकृती, गुडघे, साहेबांनी माणूस दिला नाही. मलाच पुढे विचारावं लागलं. "पण का?"

काका कट्ट्याजवळ जाऊन ब्रश हलवत राहिले. पाणी पिवळट झालं. "खरवडावं लागतं," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग हळूहळू कळलं.

"त्या तिच्या हातच्या आहेत," काका म्हणाले. "डावखुरी होती. पट्टी खाली येताना जरा कलते. मी किती सांगितलं सरळ ओढ. घरात तिचं काय आहे? साड्या बहिणी घेऊन गेल्या. फोटोत ती हसत नाही, फोटोवाल्याने दरडावलं होतं. वाटेवर मात्र वरपासून खालपर्यंत आहे. एकदा लोखंडी पट्टी मारली की गेलं."

"ते आपणहून जातंच आहे, काका."

"जाऊ दे ना. माझ्या हाताने नको."

"आणि माझी मुलगी गेली असती तर?"

हे बोलायला नको होतं असं वाटलं, पण खरं होतं, आणि त्यांनाही ते खरंच वाटलं असावं. ते आपल्या खुर्चीवर बसले. मीही बसले.

"दुसरा कोणी करू दे," मी म्हटलं.

"दुसरा खरवडेल? तो तर गाणी म्हणत खरवडेल."

"मग बंद होऊ दे वाट."

"बंद म्हणजे मलाही बंद. साखळीच्या आत मला तरी कोण सोडणार? तिकिटं फाडत बसायचं, आणि आत सगळं वाढत जाणार." बराच वेळ ते आपल्या नखांतला रंग दुसऱ्या नखाने काढत बसले. मग म्हणाले, "उद्या जातो. तुम्ही याल?"

"मी येऊन काय करू? मला ब्रश धरता येत नाही."

"तुम्हाला रागावता येतं. मी नुसताच उभा राहिलो तर रागवा. घरात हल्ली कुणी रागवत नाही."

आमचे हे परत आले होते, त्यांना दुकानावर बसवलं. जंगलात पायी जाणार म्हटल्यावर ते म्हणाले, "तू? फाटकापर्यंत गेलीस तरी मुलीला तीन फोन करतेस." लेकीने मला आपलं तेच जॅकेट दिलं, धुवून. "लांबून दिसतं," म्हणाली. कारटी.

रेंजरबाईंनी जीपने आम्हाला डोंगरामागच्या कच्च्या रस्त्याने कड्यावर सोडलं. परतीच्या खुणा करायच्या तर वरूनच सुरुवात करायला हवी. जीप निघून गेल्यावर जी शांतता झाली ती मला आजही आठवते. पाखरं होती, वारा होता, पण माणसाने केलेला एकही आवाज नव्हता. काका त्यात तीन वर्षं रोज एकटे येत होते.

पहिलं झाड कड्यापासून थोडं खाली. शेवाळाच्या आडून एक पुसट पट्टी दिसत होती, माझ्या खांद्याच्या उंचीवर, खाली किंचित डावीकडे कललेली. काकांनी पिशवी ठेवली, लोखंडी पट्टी काढली, आणि उभे राहिले. मी एका दगडावर बसून दुसरीकडे बघत राहिले. खूप वेळाने बघितलं तर ते तसेच उभे. रागावणं हा माझा हातखंडा असला तरी त्या वेळी ते जमेना. मी डबा उघडला, ब्रेडचा तुकडा त्यांना दिला. त्यांनी तो उभ्यानेच खाल्ला. हात पँटला पुसले. आणि मग लोखंडी पट्टीचं टोक रंगाच्या कडेला लावून, पाकीट उघडावं इतक्या हलक्या हाताने आत सरकवलं.

रंग खरवडला गेलाच नाही. अख्खी खूण पोपड्यासारखी सुटून त्यांच्या हातात आली. चांगली जाड, जोड्याच्या तळाएवढी.

काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. कड डोळ्यांजवळ नेली. "ताई, इकडे या," ते म्हणाले. आवाज बदलला होता.

कडेला थर दिसत होते. पिवळ्यावर पिवळा, त्याच्यावर पिवळा. मध्ये एक नारिंगीकडे झुकणारी रेघ. "हा त्या वर्षीचा," काका नखाने दाखवत म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांनी चुकीचा डबा दिला होता. त्याच्या खाली अजून आहेतच. खरवडलंच नाही हिने. एकदाही नाही."

"एखाद्या झाडाला राहिलं असेल."

ते पिशवी उचलून पुढच्या झाडाशी गेले. पट्टी लावली. तोही पोपडा तसाच सुटला. तिसरंही तसंच.

"मी पुढून विचारायचो," काका झाडाला म्हणाले. मला नव्हे, झाडाला. "दर झाडाला विचारायचो. हो म्हणायचीस. तोंड वर करून हो म्हणायचीस. आणि मला सगळ्या गावासमोर सांगायचीस की हे नियमाचं फार करतात."

त्यानंतर त्यांचा हात असा चालू लागला की मला मागे राहावं लागलं. झाडामागून झाड ते खरवडत होते, घासत होते, रंगवत होते, आणि भांडत होते. एवढी घाई कसली असायची तुला. घरी कोण वाट बघत होतं. माझ्या मागे ब्रशचा आवाज लवकर थांबायचा तेव्हाच मला कळायला हवं होतं, मी म्हणायचो हिचा हात चपळ. सुरुवातीला मला हसू येत होतं, मी ते जॅकेटच्या कॉलरमध्ये लपवलं. पुढे पुढे हसू राहिलं नाही. ते बोलून थांबायचे. दुसरं माणूस उत्तर देईल एवढा वेळ थांबायचे. आणि मग पुढच्या झाडाकडे जायचे.

दुपारी मी म्हटलं, "काका, दमलात. आता उरलेल्यांवर वरूनच रंग लावलात तर कुणाला कळणार आहे? तीही तेच करत होती."

"म्हणूनच तर तुमची पोरगी ओढ्यात उतरली," ते म्हणाले. "खरवडून केलं असतं तर आणखी काही वर्षं सहज टिकलं असतं. तिने धड केलं नाही आणि मी केलंच नाही. दोघांचं मिळून झालंय हे."

काढलेले पोपडे ते एका पोत्यात टाकत होते, रंग जंगलात टाकायचा नाही म्हणून. मला वाटलं एखादा तरी खिशात ठेवतील. मी लक्ष ठेवून होते. त्यांनी ठेवला नाही.

ओढ्यापाशी आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. माझी लेक जिथून खाली उतरली तिथे काठ ढासळलेला होता आणि चिखलात तिच्या बुटाचा ठसा अजून होता. मी तो बघत राहिले आणि काकांना हवा होता तो राग तेव्हा कुठे वर आला, पण आता त्याचा उपयोग नव्हता. वळणावरच्या झाडाला खूण नव्हतीच. सालीवर नुसता फिकट चौकोन. पोपडा कधीच गळून वाहून गेला होता.

काकांनी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ब्रश टेकवला आणि काढून घेतला. दहा-बारा पावलं वर गेले, आणि तिथून उतरत आले. पुन्हा गेले, पुन्हा उतरत आले.

"उतरताना मान खाली असते माणसाची," ते म्हणाले. "पायाखाली बघत येतो. वरची खूण दिसतच नाही."

"मग?"

"मी म्हणायचो बुटकी आहेस, हात पोचत नाही, स्टूल आणू का. ती नुसती हसायची." त्यांनी खूण खाली, तिच्या उंचीवर केली. सरळ, नेटकी, कुठेही न कललेली. रंग वाळायला लागेपर्यंत तिच्याकडे बघत उभे राहिले. "हे बोलायची सोय नाही आता," ते म्हणाले. "एवढं सापडलं. तिची लबाडी सापडली, माझी चूकही सापडली. महिनाभर पुरलं असतं आम्हाला भांडायला."

उरलेलं काम त्यांनी एकट्याने पुरं केलं. पोत्यातलं सगळं फाटकाजवळच्या कचऱ्याच्या पिंपात ओतलं, हे मला चौकीदाराने सांगितलं.

उद्यानात अशी रीत आहे की खुणा नव्याने केलेल्या वाटेवरून आधी एखाद्या परक्या माणसाने, कुणाला न विचारता, उतरून दाखवायचं. ते माणूस अडलं तर काम झालं नाही असं धरतात. रेंजरबाई कुणाला तरी पाठवणार होत्या. आमची लेक म्हणाली, मी जाते. जी चुकली तिलाच नीट कळेल.

मी नको म्हणणार होते. काका माझ्याकडे बघत होते. नको म्हटलं असतं तर त्याचा अर्थ त्यांच्या खुणांवर माझा भरवसा नाही असा झाला असता. मी तिला म्हटलं, "बूट नीट बांध."

तिला जीपने वर सोडलं. आम्ही खाली फाटकापाशी बाकावर बसलो, मी आणि काका. साखळी वाटेच्या तोंडावर तशीच होती. मी मनात तिच्याबरोबर उतरत होते. आता ते आडवं पडलेलं झाड, आता बांबूचं बेट, आता ओढा. ओढ्यापाशी मी तिला बराच वेळ थांबवून ठेवलं. काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, मान जरा वाकडी, ऐकत. चौकीदाराने चहा आणला, तो दोघांचाही निवला.

आधी पानांचा आवाज आला, मग लाल रंग दिसला. ती साखळीखालून वाकून बाहेर आली. केसांत काटक्या, तोंड घामाने चकचकीत.

रेंजरबाईंनी विचारलं, "कुठे थांबावं लागलं?"

"एकदाच. ओढ्याच्या वळणावर."

काका उठून उभे राहिले.

"पाणी प्यायला," ती म्हणाली, आणि मग काकांचा चेहरा बघून वरमली. "काका, खरंच. खूण तर समोरच होती. चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही."

रेंजरबाईंनी कुलूप काढलं, साखळी गुंडाळून जीपमध्ये टाकली, आणि काकांना म्हणाल्या, "तुमची खिडकी मी दुसऱ्याला देते मग." काकांनी मान डोलावली. चौकीदार हसला. लेक भूक भूक करत होती. मी तिचं जॅकेट घेतलं, तिच्या केसांतल्या काटक्या काढल्या, आणि आम्ही निघालो.

रस्त्याच्या वळणावर मी मागे पाहिलं. माझी ती सवय काही जायची नाही. जीप गेली होती, चौकीदार चौकीत गेला होता. वाटेवर आता कुणीच यायचं उरलं नव्हतं. काका मात्र परत बाकावर बसले होते, वाटेच्या तोंडाकडे बघत.

"काका येत नाहीत का घरी?" लेकीने विचारलं.

"येतील," मी म्हटलं, आणि तिचा हात धरून चालू लागले.